आतेसासूबाईंचं बिननवऱ्याचं लग्न

कलकत्त्याच्या मुक्कामात मी जितक्या वेळा लाजेने मान खाली घातली, त्यातल्या निम्म्याहून अधिक वेळा त्याला कारण आमच्या आतेसासूबाई होत्या. उरलेल्या वेळा मी स्वतःच होते, पण हे कळायला मला आजी व्हावं लागलं.

सत्तर सालाच्या आसपास ह्यांची बँकेतून कलकत्त्याला बदली झाली, तेव्हा ह्यांची ही आत्या पन्नाशी उलटून बेहालाच्या एका गल्लीत एकटी राहत होती. जन्म कलकत्त्याचा, नोकरी बालवाडीच्या बाईंची, लग्न केलेलं नाही. मराठी आमच्यासारखंच बोलायच्या, पण पाहुणा आला की बंगाली वळणाने "बसा, चहा खा" म्हणायच्या, आणि मी पुण्याची शहाणी दर वेळी "प्या म्हणा, आत्या, प्या" अशी दुरुस्ती करायची. त्या शांतपणे म्हणायच्या, "तू पी. बाकीचे खातील."

दर रविवारी बदलीवर आलेल्या मराठी घरांतली लहान मुलं आत्यांकडे जमत आणि आत्या त्यांच्याकडून कागदाची फुलपाखरं करून घेत. बारा महिने फक्त फुलपाखरं. एकदा मी सुचवलं, "आत्या, कधी होडी, कधी बेडूक करावा." त्या म्हणाल्या, "फुलपाखरू नीट आलं की बेडकाकडे वळू." ते कधी नीट आलं नाही, कारण ते नीट येऊ नये याची व्यवस्था त्यांनीच करून ठेवली होती. जगातली सगळी माणसं कागद मधोमध दुमडून एकाच कापात दोन्ही पंख काढतात. आत्यांच्या राज्यात दुमडायला बंदी. एक पंख काप, मग दुसरा काप, जसा येईल तसा. त्यामुळे त्यांच्या खोलीत दोरीवर टांगलेली फुलपाखरं एका अंगाला कलून, नुकतीच पडून उठल्यासारखी दिसत.

सामानाची तर मला विलक्षण लाज वाटे. सियालदहच्या घाऊक बाजारात सफरचंदांच्या पेट्यांतून निघणारे जांभळे पातळ कागद त्या वेचून आणत, आणि तेही मला बरोबर घेऊन! ट्राममध्ये त्या मांडीवर कागद पसरून हाताने इस्त्री करत बसल्या की मी दुसऱ्या बाकावर जाऊन, ह्या बाई कोण आहेत बुवा, असा चेहरा करून खिडकीबाहेर बघत असे. विश्वकर्मा पूजेला अख्खं कलकत्ता पतंग उडवतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या आतेसासूबाई कमरेला पदर खोचून, लांब बांबू घेऊन, झाडांवर आणि गच्च्यांवर अडकलेले फाटके पतंग काढत गल्लीभर फिरत. शेजारी एक निवृत्त शाळामास्तर राहत. सगळी गल्ली त्यांना मास्टरमोशाय म्हणे. त्यांच्या गच्चीवर पडलेले पतंग ते आधीच गोळा करून, घडी घालून, कठड्यावर विटेखाली ठेवत. आत्या खालून बांबू लावत, ते वरून पतंग सोडत. दोघांत एक शब्द होत नसे.

खळ त्या घरी शिजवत आणि तिच्यात साखर घालत. "मुलं चाटणारच आहेत, मग चवीला तरी बरी हवी." परिणाम असा की सोमवारी मुंग्यांची रांग एखादं फुलपाखरू घेऊन भिंतीवरून निघालेली दिसे. आत्या कौतुकाने म्हणत, "बघ, उडालं नाही तरी चाललं की नाही?" आणि सर्वांत कहर म्हणजे, कात्री हातात मिळण्याआधी प्रत्येक मुलाला सुरवंट व्हावं लागे. खाटेखाली एका बाजूने सरपटत शिरायचं, मध्ये जुन्या चादरीत गुंडाळून घ्यायचं, दुसऱ्या बाजूने पंख फुटल्यासारखं बाहेर यायचं. ह्यांच्या मॅनेजरांचा मुलगा एकदा चादरीतच झोपी गेला. त्याच्या आईने मला विचारलं, "आमचा बाळू कुठाय?" आणि आत्यांनी पलीकडून उत्तर दिलं, "कोशात आहे. उठवू नका, पंख कच्चे राहतील." त्या दिवशी धरणी दुभंगली असती तर मी पदर सावरून आनंदाने आत गेले असते.

तर, ह्या सगळ्याला जरा पुणेरी वळण लावावं, असं माझ्या मनाने घेतलं. मुलांच्या फुलपाखरांचं प्रदर्शन आत्यांच्याच घरी भरवायचं आणि मॅनेजरीणबाईंसकट सगळ्यांचे डोळे दिपवायचे. 'प्रदर्शन' हा शब्द मला फार साधा वाटला, म्हणून मी ऐटीत इंग्रजीत आमंत्रण लिहिलं की अमुक रविवारी संध्याकाळी आत्यांच्या घरी आनंदाचा सोहळा आहे, सहकुटुंब यावं. लाल शाई वापरली. आपल्या रीतीप्रमाणे कोपऱ्यात कुंकवाचं बोट लावलं. आणि प्रत्येक पाकिटावर मुलांनी केलेलं एकेक फुलपाखरू डकवलं. पण ती वेडीवाकडी फुलपाखरं लोकांना कशी दाखवायची? मी ती एकेक दुमडली आणि मोठा पंख लहान पंखाच्या मापाने कातरून टाकला. आत्यांना काही दाखवलं नाही. गल्लीतल्या बंगाली शेजाऱ्यांनाही पाकिटं वाटून आले.

आता हे बंगालमधल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं की फुलपाखरू ही लग्नाची खूण. लग्नपत्रिकेवर आपला जसा गणपती, तसं तिथे फुलपाखरू. मला ठाऊक नव्हतं. आणि आत्यांना कोणी काही विचारलं नाही, कारण गल्ली सभ्य होती. बिचारी या वयात लग्नाला उभी राहतेय, विचारून लाजवायचं कशाला?

रविवारी संध्याकाळी आत्या जमिनीवर बसल्या होत्या, हात खळीने बरबटलेले, बाळूचे पाय खाटेखालून बाहेर आलेले. एवढ्यात दारात शंख वाजला. पाठोपाठ बायकांनी जिभा हलवून लग्नघरी करतात तसा उलूध्वनी केला. समोरच्या घरातल्या काकीमा पुढे, हातात लाल काठाची साडी आणि माझं पाकीट, आणि मागे त्यांच्या सुनेच्या हातात परातीत एक भलामोठा रोहू मासा. तिथल्या लग्नातल्या रीतीप्रमाणे माशाला साडी नेसवलेली, नाकात नथ. मॅनेजरीणबाई "अगं बाई!" म्हणून खुर्चीवर पाय घेऊन बसल्या. सगळ्यांच्या मागे, उंबऱ्याबाहेरच, कडक इस्त्रीचं धोतर नेसलेले मास्टरमोशाय रजनीगंधांचा हार घेऊन उभे होते आणि कोणाकडेच बघत नव्हते.

"बर कोथाय?" काकीमांनी विचारलं. नवरामुलगा कुठाय?

आत्यांनी काकीमांच्या हातातलं पाकीट घेतलं, फुलपाखरू पाहिलं, कुंकू पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या पालीचा अभ्यास करू लागले. आत्यांचे कान लाल झालेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. मग त्यांनी हात पदराला पुसले आणि बंगालीत म्हणाल्या, "तो अजून सुरवंट आहे, काकीमा. पंख फुटले की पहिलं तुम्हालाच कळवीन. आता आलाच आहात तर बसा, चहा खा."

गल्ली हसली ती सात घरांना ऐकू जाईल अशी. आणलेली साडी परत न्यायची नसते, म्हणून ती राहिली. माशाची नथ उतरवून त्याची रवानगी मास्टरमोशायांच्या स्वयंपाकघरात झाली. आणि मग आत्यांनी सगळ्या वऱ्हाडाला कात्र्या वाटल्या. मास्टरमोशाय उंबऱ्याच्या आत आले, हार खुंटीला अडकवला, खाली बसले आणि पतंगाचा निळा कागद कापू लागले. आयुष्यभर भूमिती शिकवलेला माणूस, पण एक पंख मोठा झाला आणि एक लहान.

आत्या मला एका शब्दानेही बोलल्या नाहीत. पुढे आमची बदली झाली, तेव्हा हावड्याला निरोप द्यायला आल्या, त्या नेमकी काकीमांची ती लाल काठाची साडी नेसून. गाडी सुटायच्या बेतात असताना मी कसंबसं म्हटलं, "आत्या, त्या दिवशी माझ्यामुळे तुमचं हसं झालं."

"हसं कसलं, सूनबाई? इतकी वर्षं लोकांच्या दारात मी शंख वाजवला, एकदा माझ्या दारात वाजला. नवऱ्याची कटकट नाही, नुसतं लग्न. असं कोणाला मिळतं?" मग खिडकीच्या गजावरच्या माझ्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, "फक्त पंख कापायला नको होतेस गं. बाळू पाकीट न् पाकीट बघत होता. त्याला त्याचं सापडलंच नाही."

गाडी हलली. तेव्हा माझं लक्ष त्यांच्या खांद्याकडे गेलं. पदराला सेफ्टी पिनने एक फुलपाखरू लावलं होतं. निळ्या पतंगाच्या कागदाचं, एक पंख मोठा, एक लहान. ते कोणी केलं, हे मला विचारता आलं असतं, फलाटाला अजून बरीच लांबी होती. पण मला लाज वाटली. कलकत्त्यातल्या माझ्या सगळ्या लाजांमध्ये ती एवढीच मला शोभली, असं आता वाटतं.