शेंद्र्याचं इंजिन आणि तिसरा नान

नाशिकहून पहाटेची गाडी पकडली ती देवदर्शनाला नव्हे, एका माणसाला खोटं पाडायला. आगगाड्यांच्या हौशी मंडळींचं आमचं एक छोटं मासिक आहे. गॅस टर्बाइनवरचं रेल्वे इंजिन घरच्या अंगणात कुणाला धावतं करता येणार नाही, असं मी त्यात ठणकावून लिहिलं होतं. त्यावर शेंद्र्याहून पत्र आलं : ‘मी केलंय. येऊन बघा. धावलं तर तसं छापा.’ खाली सही, रशीद, निवृत्त टर्नर.

छत्रपती संभाजीनगरला उतरलो, स्टेशनबाहेर दोन चहा घेतले आणि शेंद्र्याचा रस्ता धरला. एका बाजूला कारखान्यांच्या शेड, दुसऱ्या बाजूला कपाशी. एक म्हैस निवांत रस्ता ओलांडत होती आणि कंटेनर तिच्यासाठी थांबले होते.

रशीदभाईंचं घर पत्त्याशिवायही सापडलं असतं, इतकी कर्कश शिट्टी तिथून येत होती. गल्लीत एकही कुत्रं उरलं नव्हतं. अंगणात गोल रूळ आणि त्यावर दोन हात लांबीचं हिरवं इंजिन.

“फाट्यावरून तुमचा फोन आला तसं चालू केलं!” रशीदभाई ओरडले. “हवा ओढायची, दाबायची, तिच्यात डिझेल जाळायचं. गरम वारा चाक फिरवतो, चाकावर वीज, विजेवर गाडी. लई सोपं हाय!”

अमेरिकेत महायुद्धानंतर अशी राक्षसी इंजिनं मालगाड्या ओढत. कुणाला नको असलेलं स्वस्त, जाड तेल त्यांना चाले. ताकद अफाट, पण खोड वाईट : जागेवर उभी असली तरी त्यांचं पिणं फारसं कमी होत नसे. पुढे त्या तेलाला दुसरी गिऱ्हाइकं मिळाली, भाव चढला आणि इंजिनं भंगारात गेली. ही खोड मला पाठ होती.

“सोडा गाडी,” मी म्हणालो. तेवढ्यात रशीदभाईंच्या पत्नी शमीमभाभी दारात आल्या.

“असं कसं? उपाशी पाव्हण्याला कुनी इंजन दाखवतं व्हय? आधी जेवन!”

रशीदभाईंनी इंजिनाच्या टाकीकडे पाहिलं; घरात होतं तेवढं डिझेल तिच्यातच होतं. बंद केलं तर पुन्हा चालू करण्याइतका बॅटरीत दम नव्हता. “चला मंग, जेवून घेऊ,” ते म्हणाले. माझ्या मनात पाप आलं, ते इथे.

नान-कलिया (तंदुरी नान आणि मटणाचा झणझणीत रस्सा) उत्तम होता. मी दुसरा नान सावकाश खाल्ला. तिसरा मागून घेतला. मग रश्श्यातलं एक नळीचं हाड चोखत बसलो. रशीदभाईंचे कान अंगणात होते, पण पाहुण्याला ‘आटपा’ म्हणणं त्यांना जमण्यातलं नव्हतं. उलट “अजून घ्या की” म्हणून आग्रह चालला होता.

भाभी रस्सा वाढत असताना शिट्टी उतरत उतरत थांबली.

“संपलं डिझेल,” रशीदभाई हसून म्हणाले. “जेवा तुमी. छापा, नाय धावलं म्हनून.”

“तीन वर्सं तासत बसले व्हते,” भाभी हळूच म्हणाल्या.

मी ताट बाजूला सारलं. मला स्वतःची लाज वाटली. “रशीदभाई, उभं इंजिन पितं हे मला ठाऊक होतं. मी मुद्दाम हळू जेवलो.”

“तिसऱ्या नानला कळलं मला,” ते शांतपणे म्हणाले. “पन पाव्हण्याला काय म्हनायचं?”

मला स्टेशनवर सोडायला शेजाऱ्यांचा टेंपो दारात उभा होता. मी म्हणालो, “त्यातलं डिझेल काढा. बॅटरीही काढा.”

“मंग तुमची रेल्वे?”

“जाऊ द्या तिला.”

तासाभराने ते हिरवं इंजिन किंचाळत निघालं. पहिल्या फेरीत रूळ सोडून अंगणातल्या कडब्याच्या गंजीला धडकेल असं वाटलं, पण वळलं. दुसऱ्या फेरीत धुराड्याच्या झळेने भाभींची वाळत घातलेली ओढणी करपली. त्या ओरडत होत्या, ऐकू कुणालाच येत नव्हतं. रशीदभाई लहान मुलासारखे इंजिनामागून पळत होते आणि त्यांच्यामागून मी.

माझी गाडी अर्थातच गेली. रात्री तिथेच राहिलो आणि झोपण्यापूर्वी मासिकासाठी दोन ओळी लिहिल्या : ‘शेंद्र्याचं इंजिन धावलं. मी चुकलो होतो.’ इतकं कमी शब्दांत मी आजवर काहीच लिहिलं नव्हतं.

सकाळी निघताना भाभींनी डबा हातात दिला. “तीन नान हायत,” त्या म्हणाल्या. “गाडीत सावकाश खावा. तिथं कुनाचं डिझेल जळत नाय.”