पित्ताची पुडी

वैद्यांची सून दवाखान्यामागच्या खोलीत बावीस वर्षं खलात औषधं घोटत होती. लग्नाआधीच सासऱ्यांनी तिच्या मनगटावर तीन बोटं टेकवून निकाल दिला होता, "पित्तप्रकृती. ही जन्माची असते, बदलत नाही." झालं! तेव्हापासून तिनं तोंड उघडलं की सासरे हात पुढे कर म्हणत. पाठ भरून आली म्हटलं, तरी पित्त. बहिणीकडे चार दिवस जाऊन येते म्हटलं, तरी पित्त. नवरा बापाची री ओढायला तयारच. मग तिला पुडी मिळायची, तिनंच घोटलेली आणि तिनंच बांधलेली.

एकदा तिनं धीर करून सांगितलं, "मामंजी, मला हे काम नको. मी शिवणाचं दुकान काढते."

सासऱ्यांनी नाडी धरली. "पित्ताचा प्रकोप आहे. महिनाभर दोन वेळा पुडी घे."

दगडावर डोकं आपटून काय मिळणार? महिनाभर तिनं रोज दोन पुड्या मोरीत ओतल्या आणि तोंडातून ब्र काढला नाही.

महिन्यानंतर भरल्या दवाखान्यात सासऱ्यांनी तिची नाडी पाहिली आणि त्यांचा चेहरा खुलला. "बघा, याला म्हणतात शमन! पित्त पार शांत. आता हिचा आवाजसुद्धा ऐकू येत नाही."

बाकावरच्या एक बाई लगबगीनं पुढे आल्या. "वैद्यबुवा, आमच्या सुनेलाही हीच पुडी द्या की!"

"सूनबाई," सासरे म्हणाले, "यांना महिनाभराच्या बांधून दे."

ती आत गेली आणि तिनं खल पुढे ओढला.