स्टाफरूममधली पाच पिल्लं

शाळेच्या स्टाफरूममध्ये किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. कपाटावर न नेलेल्या छत्र्या साठतात, तसे ते साठतात. एकाचा तास सुटतो, दुसऱ्याचा सुरू व्हायचा असतो, आणि मधल्या चार मिनिटांत एक किस्सा होऊन जातो. पुसेगावच्या बाजूच्या आमच्या शाळेत मी प्रयोगशाळा सांभाळायचो, पण बसायचो स्टाफरूममध्येच, कोपऱ्यातल्या टेबलाला. त्यामुळे माझ्याकडे पुष्कळ आहेत. सशांचे तेवढे मी जरा जपून सांगतो. लोक हसतात, मीही हसतो. पण ते हसणं शेवटपर्यंत टिकत नाही.

*

नव्वदीच्या शेवटाकडची गोष्ट. विज्ञानाचे कदम सर आखाडा बाळापूरच्या बाजारातून पांढऱ्या सशांची जोडी घेऊन आले. एसटीत मांडीवर पिशवी, पिशवीतून बाहेर चार कान.

कंडक्टर म्हणाला, "सर, यांचं हाफ तिकीट फाडू का?"

सर म्हणाले, "विद्यार्थी आहेत. पास आहे!"

प्रयोगशाळेमागं जाळीचा पिंजरा केला, आत एक लाकडी खोकं ठेवलं. पुढं दीडेक महिन्यानं मादी स्वतःच्या पोटाचे केस उपटायला लागली. स्टाफरूममध्ये बसल्या जागी निदान झालं. हिंदीचे शेख सर म्हणाले, "खुजली है, सौ टक्का." खोबरेल तेल घेऊन त्यांनी स्वतः तिच्या पोटाला चोळलं. ती गप बसून राहिली. सर गेल्यावर पुन्हा केस उपटू लागली.

दुसऱ्या दिवशी खोक्यात त्या केसांची गादी, आणि गादीत पाच पिल्लं! गुलाबी, बिनकेसांची, डोळे मिटलेली, बोटाएवढी.

शेख सर खोक्यावर वाकले. मग म्हणाले, "अरे, ये तो बिस्तर बना रही थी. और मैं मालिश करने बैठा!"

*

मादी पिल्लांजवळ जात नाही, हे पहिल्यांदा देशमुख बाईंच्या लक्षात आलं. बाई मराठी शिकवायच्या. घरी तीन लेकरं, त्यामुळे या विषयात त्यांचा शब्द शेवटचा.

"लेकरं इथं, अन् ही तिकडं मजेत लसूणघास खाऊन राहिली. आई हाय का कोण!"

मग नजर ठेवायचं ठरलं. ज्याचा तास रिकामा त्यानं पिंजऱ्यासमोर खुर्ची टाकून बसायचं, काय दिसलं ते मला सांगायचं आणि मी वहीत लिहायचं. ती वही अजून माझ्याकडे आहे. "पहिला तास : मादी पाला खाते. दुसरा तास : मादी बसून आहे. तिसरा तास : मादी कान साफ करते. मधली सुट्टी : मादी झोपली." साडेदहाच्या प्रार्थनेपासून पाचच्या घंटेपर्यंत, तीन दिवस. एकही तास मी रिकामा सोडला नाही. त्या तीन दिवसांत ती एकदाही खोक्यात गेली नाही.

खाली मी लाल शाईनं निष्कर्ष लिहिला : "मादी पाजत नाही." कदम सरांनी सही केली.

खेळाचे जाधव सर तेवढे म्हणाले, "मग तीन दिवस जगली कशी? अन् पोटं तर टम्म हायेत."

"गॅस," बाई म्हणाल्या. "उपाशी लेकराचं पोट असंच फुगतं."

लगेच ग्राइप वॉटर आलं! आणि त्याच दुपारी पाचही पिल्लं बुटाच्या खोक्यात कापूस घालून आम्ही स्टाफरूममध्ये आणली. उचलली मी. मादी जाळीला नाक लावून बघत होती. "आता आठवण आली व्हय तुला?" बाई तिला म्हणाल्या. आम्ही सगळे हसलो.

*

दूध कुणाचं, यावर अर्धा तास वाद झाला. जाधव सर म्हशीचं म्हणत होते, कारण ताकद. बाई गाईचं, कारण पचायला हलकं. शेख सरांनी मात्र वाद घातला नाही. घरी गेले आणि बकरीचं दूधच घेऊन आले.

माप कदम सरांनी फळ्यावर काढलं. माणसाचं बाळ एवढ्या वजनाचं, ते एवढं दूध पितं, तर पिल्लू एवढ्या वजनाचं, ते किती पिईल? उत्तर आलं काही थेंब.

"एवढंच?" बाई म्हणाल्या. "सर, तुमचा एखादा शून्य राहिला असंल."

सरांनी पुन्हा गणित केलं. उत्तर तेच. मग सर्वानुमते ते उत्तर थोडं वाढवण्यात आलं!

शाईचा नवा ड्रॉपर उकळून घेतला. ज्याचा तास रिकामा तो पाजणार, मी लिहिणार. पण एकजण पाजून गेला की दुसरा यायचा, आणि त्याला ते पिल्लू बारीक वाटायचं. "एकच थेंब देतो, लिहू नका," असं म्हणून किती थेंब गेले याला हिशेब नाही. चौथ्या दिवशी सगळ्यात लहान पिल्लाच्या नाकातून दूध आलं, आणि ते पिल्लू देशमुख बाईंच्या तळहातावरच गेलं. बाईंनी त्या दिवशी पुढचे दोन्ही तास घेतले नाहीत. वर्गात पोरं गोंधळ घालत होती, कुणी त्यांना ओरडायला गेलं नाही.

*

पिल्लांना ऊब हवी म्हणून खोक्यावर बल्ब लावला, तर लाइट जायची. मग जाधव सरांनी दोन पिल्लं स्वेटरच्या आत, खिशात ठेवायला सुरुवात केली. सरांचा आवाज असा की "सावधान" म्हटलं की रस्त्यावरचा सायकलवाला ब्रेक दाबायचा. त्या आठवड्यात मात्र मैदानावर ते कुजबुजल्यासारखं "सावधान" म्हणायचे.

मुख्याध्यापकांनी विचारलं, "जाधव सर, आवाज बसलाय का?"

"न्हाई सर. झोपलंय."

"कोण झोपलंय?"

हा किस्सा सरांच्या निरोप समारंभात मीच सांगितला. हॉल हसून लोळला. पुढचं मी तिथं सांगितलं नाही. शनिवारच्या कवायतीत खिशातलं एक पिल्लू गार पडलं. सरांना ते कवायत सुरू असतानाच कळलं होतं. त्यांनी ती पूर्ण घेतली, स्टाफरूममध्ये आले आणि हात खिशातच ठेवून उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. दुसरं संध्याकाळी गेलं.

सोमवारी आलो तर बुटाच्या खोक्यातल्या दोघांपैकी एकच हलत होतं.

*

त्या एकानं बाराव्या दिवशी हजेरीपटावर बसून डोळे उघडले. सगळे शिक्षक वाकून त्याच्यासमोर उभे. शेख सर म्हणाले, "बच्चा सोच रहा होगा, इतनी माँ?"

एवढं एक तरी जगावं, असं प्रत्येकाला वाटत होतं. म्हणून प्रत्येकजण पाजत होता. दोन दिवसांनी त्याचं पोट ढोलकीसारखं झालं. पिशवी हँडलला अडकवून मी सायकलवर गुरांच्या डॉक्टरांकडे गेलो.

"दूध कोण पाजतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"सगळेच."

"दिवसातून किती वेळा?"

मी वही पुढं केली. त्यांनी पान वाचलं. "चौदा वेळा?"

"साहेब, हे लिहिलेले," मी म्हणालो.

ते हसले. मग पिल्लाकडे बघून हसायचे थांबले. परत येताना ओढ्याच्या पुलावर मी पिशवीत हात घातला आणि सायकलवरून उतरलो. तिथून शाळेपर्यंत सायकल ढकलत आलो.

*

त्यानंतर नर वेगळा ठेवला होता. पुढच्या हिवाळ्यात जोडी पुन्हा एकत्र सोडली आणि मादी पुन्हा व्याली. स्टाफरूमनं एकमतानं ठरवलं, या खेपेला कुणी हात लावायचा नाही. जे व्हायचं ते होऊ द्यायचं.

दहावीच्या प्रॅक्टिकलची तयारी होती, म्हणून मी उजाडायच्या आत शाळेत आलो. आमचे शिपाई राठोड मामा मागचं अंगण झाडत होते. ते तांड्यावरून रोज त्याच वेळेला यायचे. मला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि पिंजऱ्याकडे मान केली.

मादीनं खोक्यात उडी मारली. पिल्लांवर पाय फाकून उभी राहिली. खाली नुसती वळवळ, चुपचुप. तीन-चार मिनिटं. मग टुणकन बाहेर आली आणि पाला खायला लागली.

"झालं?" मी विचारलं.

"झालं. दिवसातून एकडाव. आता उद्या याच टायमाला."

"मामा, मागच्या वर्षी पण?"

"व्हय की. रोज, बराबर."

"मग सांगितलं काहून नाही?"

मामांनी झाडू भिंतीला टेकवला. "तुमी वहीत लिहून राहिले व्हते. म्हनलं, शिकेल मान्सं, तुमाला ठाऊक असंल. आईपसून काढून राहिले, तं काही कारन असंल."

त्यांनी पुन्हा झाडू घेतला. चार हात झाडलं आणि थांबले.

"तुमी पिल्लं आत नेली ना, तरी ती येतच व्हती. आठ-धा दिस. अशीच उडी मारून रिकाम्या खोक्यात जायची, तेवढाच टाइम उभी राहायची, अन् मंग बाहेर यायची."