मार्थाचं भांडं

विसरलात ना मला? गणपतीत माझे मोदक हादडताना बरी ओळख होती! मीच ती सिंगापूरच्या जुरोंग ईस्टची आजी. मी सांगतेय, नात टाइप करतेय.

कॅनडात माझी लेक एका खोऱ्यातल्या खेड्यात राहते. तिथे दगडखाण हवी की नको, यावर आज गावाची सभा झाली. लेक ‘नको’ म्हणाली. शेजारीण मार्था ‘हवी’ म्हणाली, तिच्या मुलाला काम मिळेल म्हणून. मग लेकीशी न बोलताच निघून गेली. दरवर्षी लेकीच्या दारातलं बर्फ काढणारी हीच बाई!

“आई, तिचं भांडं आहे माझ्याकडे. गुपचूप दारात ठेवून येऊ?” लेक फोनवर रडत होती.

असले अबोले बघून दमले बाई मी. आमच्या गावाकडे विहिरीवरून अबोला धरलेल्या दोघी जावा मरेपर्यंत बोलल्या नाहीत.

तुम्ही काय केलं असतं? मी लेकीला म्हटलं, दार वाजव, हातात दे. आणि भांडं रिकामं नेऊ नकोस, बेसनाचे लाडू भरून ने.