गंगेची ओटी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकींना नाही, देवापुढे बसून मनातल्या मनातसुद्धा नाही. देवाला काय सांगायचं, तो होताच की तिथे, आमच्या पायाखाली. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही माझे कुणी लागत नाही. माझ्या घरात माझा दरारा आहे तो खरेपणाचा. नातवानं गुळाचा खडा पळवून नाही म्हटलं, तर मी दिवसभर त्याच्याशी बोलत नाही. माझंच मला कधीकधी हसू येतं.

आमचं गाव गंगेकाठी, गेवराईपासून चार कोसांवर. गोदावरी हे नाव पुस्तकातलं, आम्ही गंगाच म्हणतो. मोगलाईचे, म्हणजे निजामाच्या राज्याचे दिवस होते. माझे वडील पाटील, म्हणून गावात शेवटचा शब्द त्यांचा. मी दहा वर्षांची. आणि सगुणा—म्हादू कोळ्याची मुलगी—माझ्याच वयाची. गावची नाव म्हादू चालवायचा. तो हक्क त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या होता. सगुणाला मी रोज पाहायचे, पण बोलले कधीच नव्हते. पाटलाची लेक कोळ्याच्या पोरीशी काय बोलणार?

त्याला पूर यावा लागला.

श्रावणातल्या एका सोमवारी मी बेल वाहायला नदीकडच्या महादेवाला गेले होते. सगुणा बाहेर ओट्यावर बसली होती, दुसरं कुणी नव्हतं. देवळामागे ओढा आहे. गंगा फुगली की ओढ्याचं पाणी तुंबतं, पण त्या दिवशी ते असं तुंबलं की गावाकडची वाट डोळ्यांदेखत बुडाली. मी रडायला लागले. सगुणानं काही न विचारता माझा हात धरला आणि उंबराच्या झाडावरून मला सभामंडपाच्या दगडी छतावर चढवलं. तिथे आम्ही तीन दिवस काढले.

खरं सांगू? त्या दिवसांची आठवण आली की आजही मला आधी सुखच आठवतं. लाज मागून येते. चहूकडे गढूळ पाणी, आणि मधे आम्ही दोघी, जगात दुसरं कुणी नसल्यासारख्या. मळ्यांतून वाहत आलेली काकडीसारखी वाळकं सगुणा फांदीनं ओढून घ्यायची, दगडावर आपटून फोडायची आणि मोठा तुकडा मला द्यायची. एकदा दाराची एक फळी वाहत गेली, तिच्यावर एक कोंबडा ऐटीत उभा. 'पाटील चाललेत बघ,' ती म्हणाली, आणि मग मी कुणाची मुलगी ते आठवून तिनं जीभ चावली. मी पोट धरून हसले. आम्ही खड्यांनी खेळलो. तिनं मला पाण्याचा रंग बघून वरच्या अंगाला पाऊस आहे की नाही ते ओळखायला शिकवलं. मी तिला माझं नाव दगडावर बोटानं लिहून दाखवलं. तिच्या उष्ट्याचा मला विटाळ वाटला नाही. घरी काय म्हणतील, हे मनात आलंच नाही. इतकी जवळची मैत्रीण मला पुन्हा कधी मिळाली? नाही मिळाली.

आता ओटीचं सांगते. पूर ओसरत नसला की पाटलिणीनं गंगेची ओटी भरायची आणि कोळ्यानं ती मधल्या धारेत नेऊन सोडायची, ही आमच्याकडची रीत. काठाला सोडलेली ओटी गंगा घेत नाही म्हणतात. दुसऱ्या दिवशी दुपारी गावाकडून वाजंत्री ऐकू आली. म्हादू वाळलेल्या भोपळ्यांची सांगड पोटाशी बांधून पुरात उतरला असणार. झाडांआड आम्हाला दिसलं नाही. थोड्या वेळानं ओटीची पाटी गिरक्या घेत आली आणि आमच्या उंबरात अडकली. पाटीत नारळ, तांदूळ, आणि एक हिरवं लुगडं.

'हात नगं लावू,' सगुणा म्हणाली. 'गंगामायची वटी हाय ती.'

पण ते लुगडं आईचं होतं. पुरामुळे बाजार तुटलेला, नवं कुठून आणणार, म्हणून तिनं पेटीतलं एकदाच नेसलेलं काढून दिलं होतं. त्याला त्या पेटीतल्या कापराचा वास येत होता. मी फांदीवर उतरले, पाटी ओढली, नारळ फोडला, अर्धा खाल्ला, आणि लुगडं अंगाभोवती गुंडाळून आई आई करत रडले. सगुणानं नारळाला हात लावला नाही. तासाभरानं मीच बळंच तिच्या तोंडात खोबरं घातलं.

संध्याकाळी पाणी पुन्हा चढलं. गावात खालच्या आळीतली सहा घरं त्या पाण्यात बसली. तिसऱ्या दिवशी ते उतरलं आणि म्हादू नाव घेऊन आला. आम्ही काठावर उतरलो तेव्हा सगळा गाव बघत होता—आणि लुगडं सगुणाच्या अंगावर होतं. तिच्या अंगावर ते कसं गेलं? थांबा, तिथवर येते.

चावडीवर लोक म्हणाले, म्हादूनं ओटी धारेत सोडलीच नाही, झाडांआडून नेऊन आपल्या पोरीला दिली, म्हणून गंगा कोपली. सगुणा म्हणाली, 'हिनं काडली वटी, म्या न्हाई.' तिच्या बापानंच तिच्या तोंडावर मारली. मग तो माझ्याकडे वळला. सगळ्यांदेखत हात जोडून, अगदी हळू म्हणाला, 'आक्का, वटी वाहत आली न्हवं? येवढं एक सांगा.'

एवढंच हवं होतं त्याला. कुणी काढली, कुणी खाल्ली, हे त्यानं विचारलंच नव्हतं. 'वाहत आली'—दोन शब्द. माझ्यावर काहीसुद्धा आलं नसतं.

मी म्हणाले, 'मला न्हाई ठाव. तिच्याकडंच होती.'

वडिलांनी नावेचा हक्क काढून घेतला. पाटलाची पोर खोटं कशाला बोलेल, असं सगळे म्हणाले. चार दिवसांनी ती माणसं डोक्यावर भांडी घेऊन नदीच्या खालच्या अंगाला चालत गेली. मी दारात उभी होते. सगुणानं वळून पाहिलं नाही. पुढे ती कुठे गेली, जगली का, मला माहीत नाही. मी कधी विचारलंही नाही.

तुम्ही म्हणाल, दहा वर्षांचं लेकरू, चावडीवरच्या माणसांना भ्यालं. मीही स्वतःला हेच सांगत आले. पण तसं नाही. मी आधीच भ्याले होते, आणि माणसांना नाही.

त्या संध्याकाळी पाणी छताला एक हात उरलं, तेव्हा सगुणा म्हणाली होती, 'वटी ज्याच्या अंगावर, त्याला गंगा नेती. टाकून दे ते, पान्यात टाक.' तिनं टाकायला सांगितलं होतं. मी टाकलं नाही. आईचं होतं ना. आणि गंगेला कुणीतरी लागणारच, असंही वाटलं. मी ते अंगावरून काढलं आणि तिला म्हणाले, 'तुला थंडी वाजतीय.' आणि तिच्या खांद्यावर टाकलं, गळ्याशी घट्ट गाठ मारली.

तिनं माझ्याकडे पाहिलं. सांगणारी तीच, तिला कळलं नसेल? ती कुडकुडत होती. लुगड्याचं एक टोक उचलून म्हणाली, 'तू बी ये.'

मी सरकत सरकत छताच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसले.