शांत सूर्यावरची धूळ

आमची आत्या सूर्याचे फोटो काढते. वेधशाळेच्या घुमटाखाली, रोज सकाळी, गेली सव्वीस वर्षं. लोकांना वाटतं, केवढं भारी काम! अहो, निम्मं काम काचा पुसण्याचं. आणि पुसण्यात आत्याचा हात धरणारं कुणी नाही. आमच्या घरात पाऊल टाकलं की आधी माझा चष्मा ओढून घेते.

त्या वर्षी सूर्य अगदी गप्प होता. महिनोन् महिने एक डाग नाही. फोटोत मात्र बारीक पांढरे ठिपके दिसायचे. नवे साहेब म्हणाले, "बाई, कॅमेऱ्याची काच पुसत चला." आत्याने पुसली. ठिपके आपले तिथेच! आठवडाभर हेच चाललं. शेवटी साहेबांनी बजावलं, सोमवारपर्यंत ठिपके गेले नाहीत तर लेखी ठपका आणि बदली कोठारात. सव्वीस वर्षांनी कोठार! माझं तर डोकंच फिरलं.

आत्या घरी येऊन रडली. मग नाक पुसून म्हणाली, "अगं, धूळ मला ओळखता येत नाही होय? ही धूळ नव्हेच."

सोमवारी मी मुद्दाम रजा टाकून गेले. साहेबांसमोर आत्याने एक फोटो काढला, कॅमेरा पाव फेरा फिरवला आणि दुसरा काढला. "साहेब, धूळ काचेवर असती तर फोटोत जिथल्या तिथे राहिली असती ना?" दुसऱ्या फोटोत ठिपके सूर्याबरोबर पाव फेरा फिरले होते, झाडून सगळे.

एवढ्यावर थांबेल ती आत्या कसली! सूर्यावर चुंबकत्व कुठे कुठे आहे, त्याचा सकाळचाच नकाशा तिने पारदर्शक कागदावर काढून आणला होता. तो पहिल्या फोटोवर ठेवला. ठिपके नेमके चुंबकीय जागांवर! "डाग नाहीत म्हणून सूर्य झोपलाय थोडाच? आतून उकळी येते, पसरते, चुंबकत्वाला कडेला लोटते. दुधाचा फेस पातेल्याच्या कडेला जमतो ना, तसं. चुंबकत्व जमतं तिथे वरचं वातावरण तापतं, चमकतं."

साहेब बराच वेळ वाकून बघत राहिले. मग टाइप केलेला ठपका त्यांनी फाडून टोपलीत टाकला, आत्याच्या हातातलं कापड मागून घेतलं आणि स्वतःचा चष्मा पुसायला लागले.

आत्याला कुठलं बघवतंय! "द्या इकडे," ती म्हणाली, "पसरवताय नुसतं."