फॉर्म भरणं नऊ वाजेपर्यंत थांबवलं आहे

पायल रामटेके तेवीस वेबसाइट सांभाळते. त्यात दोन दातांचे दवाखाने आहेत, एक मंगल कार्यालय, एक संत्र्याची रोपवाटिका, चार शाळा आणि मुलींचं एक वसतिगृह. वेबसाइट बनवून देणारे नागपुरात पुष्कळ आहेत. बनवल्यावर त्या वेबसाइटकडे दर पंधरा दिवसांनी पाहणारे कमी. पायलने मिहानमधल्या सॉफ्टवेअर कंपनीत पाच वर्षं काढली आणि मग हेच काम कोराडीच्या घरून सुरू केलं. काम दिसायला किरकोळ आहे. वेबसाइटच्या आतल्या सॉफ्टवेअरला अधूनमधून सुधारणा येतात, त्या वेळेवर चढवायच्या. न चढवल्यास कुठलं तरी भोक उघडं राहतं आणि एके दिवशी दवाखान्याच्या पानावर जुगाराची जाहिरात झळकते.

तेविसांपैकी वसतिगृहाची वेबसाइट तिला सगळ्यात जड जाते. जागा साठ, अर्ज तीनशेच्या आसपास. कुही, उमरेड, भिवापूरकडच्या मुली शहरात शिकायला येतात. त्यांच्यासाठी ही जागा मिळणं म्हणजे कॉलेज मिळणं. अर्ज वेबसाइटवरच भरायचा असतो.

मागच्या जूनमध्ये तिच्या हातून एक चूक झाली. अर्ज चालू असतानाच तिने सुधारणा चढवली. आधी नेहमीप्रमाणे त्या साइटची पूर्ण नक्कल, म्हणजे बॅकअप, काढून ठेवली होती. सुधारणा बिघडली, फॉर्मचं पान पांढरं पडलं. तिने जुनी नक्कल परत बसवली, पान पूर्ववत झालं आणि ती जेवायला उठली. चार दिवसांनी एक मुलगी पावती घेऊन वसतिगृहात आली. पावतीवरचा क्रमांक यादीत दुसऱ्याच मुलीच्या नावावर होता. नक्कल काढल्यापासून परत बसवेपर्यंत चाळीस मिनिटं गेली होती आणि तेवढ्यात नऊ मुलींनी अर्ज भरले होते. जुनी नक्कल वर बसली तसे ते नऊ पुसले गेले. पाच मुली पावत्या घेऊन आल्या, त्यांचे अर्ज पुन्हा भरता आले. उरलेल्या चौघी कोण, हे पायलला आजही माहीत नाही. नावंच गेली होती.

वसतिगृहाचे सचिव आनंदराव हे निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी तिचं काम काढून घेतलं नाही. फॉर्म चालू असताना पुन्हा हात लावायचा नाही, एवढंच बजावलं.

या जूनमध्ये हात लावायची वेळ आली. फॉर्मच्या सॉफ्टवेअरमध्ये भोक सापडल्याची सूचना आली होती. मुलींनी जोडलेली आधार कार्डं, जातीचे दाखले त्यातून बाहेर काढता येत होते. अर्जाची मुदत संपायला चार दिवस होते. मुदतीनंतर सुधारणा चढवायची, तर तोवर दोनशे मुलींची कागदपत्रं उघड्यावर. आणि चालू साइटवर चढवायची, तर मागच्या सालची गत. मधला मार्ग एकच होता. साइट बाहेरच्यांसाठी दोन तास बंद ठेवायची, तिथे सूचनेचं पान लावायचं, आत काम उरकायचं आणि मग उघडायची.

आनंदरावांनी नकार दिला. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. ते म्हणाले, "बंदचा बोर्ड पाहिला का पोरगी परत येत नाही. तिले वाटते, तारीख गेली."

संध्याकाळी जेवताना तिने हे वडिलांना सांगितलं. शालिकराम रामटेके एकतीस वर्षं कोराडीच्या पॉवर हाऊसमध्ये बॉयलरच्या देखभालीला होते. वेबसाइटचं त्यांना काही कळत नाही, पण बंद ठेवण्याचं कळतं. पंपावर काम निघालं की त्याची वीज तोडायची, कुलूप लावायचं, बोर्ड टांगायचा, आणि ज्याने टांगला त्यानेच काढायचा, हे त्यांनी पोरीला लहानपणापासून ऐकवलं होतं.

"बोर्डावर काय लिहून राहिली?" त्यांनी विचारलं.

तिने सांगितलं, साइट देखभालीसाठी बंद आहे.

"नुसतं बंद लिहिलं तर माणूस इचार करते, काहून बंद? काम काय, कोणाचं, कितीपर्यंत, हे लिहा लागते. नाव लिही तुहं." मग भाताचा घास कालवत ते म्हणाले, "अन् हात लावायच्या आधी आत कोण आहे ते मोजून घे वं."

"वेबसाइटच्या आत कोणी नसते, बाबा."

शालिकरामांनी आणखी वरण वाढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी पायल नवा मजकूर छापून आनंदरावांकडे गेली. "वेबसाइटच्या सुधारणेचं काम सुरू आहे. फॉर्म भरणं नऊ वाजेपर्यंत थांबवलं आहे. आधी भरलेले फॉर्म सुरक्षित आहेत. शेवटची तारीख एक दिवस वाढवून २१ जून केली आहे. अडचण असल्यास पायल रामटेके यांना फोन करावा." खाली तिचा नंबर. तारीख वाढवायचं तिने कोणालाच विचारलं नव्हतं. आनंदरावांनी लाल पेन काढलं, दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारलं, तारखेच्या ओळीवर बराच वेळ पेन धरलं आणि ती ओळ तशीच सोडली.

गेल्या आठवड्याची नोंद पाहून तिने सकाळी सातची वेळ ठरवली. सात ते नऊमध्ये दोन-तीनच फॉर्म येत होते. गुरुवारी सातला तिने सूचनेचं पान लावलं. मोबाइलवर उघडून पाहिलं तर बोर्ड दिसत होता. तिच्या कॉम्प्युटरवर मात्र साइट नेहमीसारखीच उघडत होती. व्यवस्थापकाचा पासवर्ड टाकलेल्याला बोर्ड आडवा येत नाही, नाहीतर तो आत काम कसं करणार? तिने नक्कल काढली. आकडा लिहून ठेवला: दोनशे बारा अर्ज.

सुधारणेचं बटण दाबण्याआधी तिने आकडा पुन्हा पाहिला. कशासाठी, हे तिला सांगता येत नाही. वडिलांचं बोलणं डोक्यात राहिलं असावं. आकडा दोनशे तेरा झाला होता.

दार बंद आणि आत एक फॉर्म जास्त. आधी तिला वाटलं, बोर्ड निघाला. मोबाइल पाहिला, बोर्ड जागेवर होता. मग तिने फॉर्म उघडला. मुलगी कुहीची होती, फोटोमागे एक ओळखीचं कपाट दिसत होतं. ते वसतिगृहाच्या ऑफिसातलं कपाट होतं.

फोन यमुताईंनी उचलला. यमुताई वसतिगृहाच्या रेक्टर, तिथेच राहतात.

"ताई, तुम्ही फॉर्म भरून राहिल्या का?"

"हो. कुहीच्या तिघी आल्या पहिल्या बसनं. एकीचा झाला, दुसरीचा भरून राहिली. काहून?"

"बोर्ड नाही दिसला?"

"कायचा बोर्ड? इथं तर सगळं चालू आहे."

उलगडा सोपा होता. मागच्या वर्षीच्या घोळानंतर खेड्यांतल्या मुलींचे फॉर्म डोळ्यांसमोर भरले जावेत, म्हणून आनंदरावांनी आपला व्यवस्थापकाचा पासवर्ड ऑफिसात देऊन ठेवला होता. हेतू चांगला होता. पायलला सांगायचं तेवढं राहून गेलं होतं. आणि बंदच्या दिवसाची खबर त्यांनी यमुताईंना दिली नव्हती, कारण सातला ऑफिस उघडतच नाही असं ते समजत होते.

पायलने यमुताईंना सांगितलं की हातातला फॉर्म पूर्ण करा आणि लॉगआउट करून कॉम्प्युटर बंद करा. यमुताईंना ते रुचलं नाही.

"मागच्या साली नऊ पोरी खाल्ल्या तुह्या कॉम्प्युटरनं. आता मलेच बाहेर काढून राहिली का?"

"हो ताई. तुम्ही बाहेर निघाल्याशिवाय मी हात नाही लावत."

मग यमुताई म्हणाल्या की ठीक आहे, तिसरीला तोवर पोहे खाऊ घालते.

सात पंचविसाला आकडा दोनशे चौदा झाला आणि तिथेच थांबला. पायलने पहिली नक्कल बाजूला ठेवून नवी काढली आणि सुधारणा चढवली. फॉर्मचं पान पांढरं पडलं, हुबेहूब मागच्या वर्षीसारखं.

फरक इतकाच होता की या वेळी पलीकडे कोणी टाइप करत नव्हतं. तिने नक्कल परत बसवली. दोनशे चौदा. मग बिघाडाची नोंद शांतपणे वाचली. फोटो लहान करणारा एक जुना भाग नव्या सॉफ्टवेअरशी जुळत नव्हता. आधी तो बदलला, मग फॉर्मची सुधारणा चढवली. पान उघडलं. शालिकराम रामटेके या नावाने, मिशीवाल्या फोटोसह, मुलींच्या वसतिगृहासाठी एक अर्ज भरून पाहिला. फोटो नीट चढला. तो अर्ज पुसला आणि क्रमांक पुन्हा दोनशे चौदावर आणला.

मधल्या वेळात एकच फोन आला. उमरेडकडचे एक वडील विचारत होते, एक दिवस खरंच वाढला का? पायलने हो म्हटलं. नऊनंतर भरतो म्हणाले.

आठ चाळीसला तिने यमुताईंना कळवलं आणि बोर्ड स्वतः काढला. दोनशे पंधरावा अर्ज पोहे खाल्लेल्या पिंकीचा होता. यमुताईंनी प्रिंट दिली, तरी तिने क्रमांक बसच्या तिकिटामागेही लिहून घेतला. साडेनऊपर्यंत आणखी चार अर्ज आले. त्यात एक उमरेडचा होता.

यमुताईंना आता फक्त फॉर्म भरण्यापुरता स्वतःचा पासवर्ड मिळाला आहे. त्यांनाही बोर्ड दिसतो, आणि दिसला की त्या पायलला फोन करून किती वाजेपर्यंत ते विचारतात, जरी ते बोर्डावर लिहिलेलं असतं. तेविसांपैकी कुठल्याही साइटवर सुधारणा चढवण्याआधी पायलचं पहिलं काम आता एका फोनचं असतं. परवा रोपवाटिकेच्या मालकाला तिने विचारलं, आत कोण आहे? ते म्हणाले, मीच आहे, कलमांना पाणी देऊन राहिलो.

एकवीस जूनला मुदत संपली. आनंदरावांनी यादी छापून घेतली, लाल पेन काढलं आणि पावत्यांच्या नोंदीशी एकेक नाव ताडून पाहिलं. दीड तास लागला. पायल समोर बसून होती. एक ते तीनशे नऊ, प्रत्येक क्रमांकावर एक मुलगी होती. शेवटची खूण करून त्यांनी यादी तिच्याकडे सरकवली आणि विचारलं की पुढची सुधारणा कधी, म्हणजे बोर्डाचा मजकूर आधीच तपासून ठेवता येईल.